सत्कार माझा, चादर दादाची

साखरपेठकर

मंडळी, इथं बरीच वर्षं नुसती वाचते. लिहायची ही पहिलीच वेळ. लांबलंय, सांभाळून घ्या.

गेल्या ३ डिसेंबरला, दिव्यांग दिनाला, आमच्या भागातल्या एका मंडळानं माझा सत्कार केला. 'आदर्श भगिनी'. का, तर माझ्या मोठ्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे आणि मी लग्न होऊनही माहेरापासून दोन बोळ सोडून राहते, त्याचं नि आईचं बघते. आपल्या सोलापुरात सत्कार म्हणजे चादर आणि नारळ. निवेदक बाई म्हणाल्या, "देवानं या ताईंना परीक्षेसाठी निवडलं." मी हसले. स्टेजवर दुसरं काय करणार?

दादा खाली पहिल्या रांगेत होता, इस्त्रीचा शर्ट घालून. माझ्या खांद्यावर चादर पडली तसा तो उठला आणि थेट वर आला. चादर ओढून घेतली, झटकली, टेबलावरचा गुच्छ बाजूला सारला आणि नव्यानं घडी घालायला लागला. चारी कोपरे जुळवून, नक्षी वर, लेबल उजव्या हाताला. "घडी चुकली," एवढंच म्हणाला. टाळ्या पडल्या. मागनं कुणीतरी "किती गोड" म्हणालं.

गोड? माझा दादा ४६ वर्षांचा आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात एकोणीस वर्षं घडी आणि पॅकिंग करतो. डझन आकड्यानं मोजत नाही, थप्पीवर तळहात ठेवून मोजतो. मालकांनी एकदा मुद्दाम अकराची थप्पी पुढं केली, तर ह्यानं न बोलता परत सरकवली. डझनात त्याची चूक होत नाही. शनिवारी पगार आईच्या हातात. बाबा आजारी होते तेव्हा रात्री दोनच्या औषधाला उठायचा तो, मी नव्हे. मी माझ्या घरी झोपलेली असायचे.

रिक्षातून परत येताना त्यानं विचारलं, "चादर माझी का तुझी?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणून इथं आलेय.

माझ्या अभिमानाचा इतिहास तसा धड नाहीच. नववीत होते, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेतल्या, नंदीध्वजांच्या मिरवणुकीत आम्ही सगळे गेलो होतो. बाबांनी दादाला पांढरी बाराबंदी शिवून घेतली होती. एरवी त्याचं बोलणं नवख्याला कळत नाही, पण "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र" मात्र घंटेसारखं खणखणीत. लोक वळून बघायचे. मी मैत्रिणींबरोबर मुद्दाम दहा पावलं मागं. एकीनं विचारलं, "तो कोण गं?" मी म्हटलं, "आमच्या गल्लीतला आहे." तेवढ्यात तो वळला आणि "छोटी, ये की!" म्हणून ओरडला. गल्लीतला मुलगा कुणाला छोटी म्हणत नाही. मैत्रीण काही बोलली नाही, मीही नाही. आज ती फेसबुकवर माझ्या सत्काराच्या फोटोखाली हात जोडते.

आता मुद्द्याचं. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. आई ७४ ची. धाकटा भाऊ पुण्यात, दर महिन्याला न चुकता पैसे पाठवतो. दिवाळीत म्हणाला, "घर आपल्या दोघांच्या नावावर करू, दादाचं हक्कसोडपत्र करून घेऊ. त्याला काय कळतंय, पुढं भानगड नको. तू बघतेसच की." माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण एक गोष्ट तेव्हा त्याला बोलले नाही, इथं लिहिते. 'तू बघतेसच की' हे ऐकायला मला आवडतं. माझ्यावाचून त्या घराचं पान हलत नाही, हे मला हवंसं वाटतं.

तुमच्याकडं असं कुणी भावंड आहे का? अभिमान नक्की कशाचा धरता, आणि जबाबदारी कुणाची हे कसं ठरवलंत?

चाटीगल्ली

ताई, मनापासून अभिनंदन! तुमच्यासारखी बहीण प्रत्येकाला मिळो. तुम्हाला सलाम.

साखरपेठकर

धन्यवाद. पण हेच तर म्हणतेय ना मी.

तीनचाकी

मी दुसऱ्या बाजूनं लिहितो. दोन्ही पाय पोलिओचे. देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ मध्ये सापडला, म्हणजे आमच्यात नवी भरती बंद, जुनेच तेवढे शिल्लक.

धाकट्या भावानं मला सायकलवर डबलसीट शाळेत नेलं, सहा वर्षं. गल्ली अजून त्याचं कौतुक सांगते. खरंच नेलं, उन्हातान्हात, नाही कसं म्हणू? पण त्या सहा वर्षांत त्याची गणितं कोण सोडवत होतं, हे गल्लीला माहीत नाही. त्याच्या डिप्लोमाची फी माझ्या टायपिंगवर निघाली. कोर्टाबाहेर छत्री लावून बसायचो. मागल्या वर्षी त्याच्या लेकीच्या लग्नात व्याह्यांना माझी ओळख करून दिली, "हा माझा मोठा भाऊ, ह्याचं सगळं मीच करतो." माझा हात धरून म्हणाला, डोळ्यात पाणी होतं त्याच्या. वाईट माणूस नाही हो. त्याला खरंच अभिमान आहे. फक्त तो माझा नाही, त्याच्या सायकलचा आहे.

तुमच्या दादांनी रिक्षात जे विचारलं ते मला एकसष्ट वर्षांत विचारता आलं नाही.

अक्का_दाजीपेठ

आमच्या तम्मुडूला, म्हणजे धाकट्या भावाला, जन्मापासून ऐकू येत नाही. मी अक्का, म्हणून त्याच्या वतीनं बोलायचं काम माझ्याकडं. घरी तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात थोडं कन्नड, आणि आमच्या दोघांची चौथी, हातांची. रेशन दुकान, बँक, दवाखाना, सगळीकडं मीच त्याचं तोंड. मला फार मिरवायची सवय होती त्याची, "त्याचं मलाच कळतं."

मग त्याच्यासाठी मुलगी बघायला गेलो. तीही कर्णबधिर, शाळेत राहून शिकलेली. सवयीनं सगळी उत्तरं मीच देत होते. थोड्या वेळानं बघते तर ही दोघं कोपऱ्यात हातांनी बोलतायत, भराभर, हसतायत, आणि मला अक्षर कळेना. ती शाळेतली खुणांची भाषा होती, आमची घरची मोडकीतोडकी नव्हती. तम्मुडू ती मित्रांकडून कधी शिकला, मला पत्ता नाही. सगळे खूश झाले, सुपारी फुटली. मला काय झालं सांगू? राग आला. चक्क राग. घरी येऊन भांडी आदळली.

टकाटक_७७

चांगल्या संस्था असतात, टाका तिथं आणि सुखानं जगा. उगाच भावनांचा बाजार.

तीनचाकी

टाका? पोतं आहे का?

हुतात्मा_डबा_नं_५

ताई, मी तो पुण्यातला धाकटा. तुमचा नव्हे, दुसऱ्या घरचा. मोठ्या भावाला सेरेब्रल पाल्सी आहे, बहीण सोलापुरात सांभाळते. महिन्यातून एकदा हुतात्मा एक्स्प्रेसनं येतो. पोचल्या पोचल्या बहीण यादी वाचायला लागते, काय काय राहिलंय, कोण काय करत नाही. बरं, करायला गेलो तर "तुला जमायचं नाही, त्याला तसं चालत नाही." एकदा भावाची दाढी करायला बसलो, तर हातातनं वस्तरा काढून घेतला. भाऊ माझ्याकडं बघून डोळे मिचकावत होता.

मग माणूस पैसेच पाठवणार ना? ते बिनबोलता पोचतात. हक्कसोडपत्राचं तुमचा भाऊ चुकीचंच बोलला, त्याची बाजू घेत नाही. पण तुम्ही दोन दिवस त्याच्याकडं किल्ली देऊन बाहेरगावी गेलाय का कधी?

साखरपेठकर

तुमचं वाचून रागावले. दुपारभर. भाकऱ्या थापताना मनात तुम्हाला चार उत्तरं तयार केली होती.

मग आठवलं. गेल्या मे महिन्यात धाकटा म्हणाला होता, दादाला आठ दिवस पुण्याला नेतो. मीच मोडता घातला. "जागा बदलली की त्याला झोप येत नाही." दादाला कुठंही झोप येते हो. कारखान्यात गठ्ठ्यावर सुद्धा येते.

थोरली_सून

इतके प्रतिसाद झाले, सगळे रक्ताच्या नात्यातले. माझंही ऐका.

नणंदेला मतिमंदत्व आहे. (शब्द बदललाय माहितेय, आमच्या घरी अजून हाच आहे.) सासऱ्यांच्या शेवटच्या दिवसांत माझ्या नवऱ्यानं त्यांचा हात हातात घेऊन शब्द दिला, "ताईला अंतर देणार नाही." सगळं घर रडलं. शब्द त्यांनी दिला, तिच्या महिन्याच्या चार दिवसांचं मी बघते. आंघोळ, वेणी, पाहुण्यांसमोर परकर वर गेला की खाली ओढणं, मीच. लग्न ठरवताना मला सांगितलं होतं, "थोडी मंद आहे." थोडी!

तक्रार करत नाहीये. आता ती माझ्यावर जीव टाकते. मी माहेरी गेले की दारात बसून असते, आणि खरं सांगायचं तर कधी कधी नवऱ्यापेक्षा तीच बरी वाटते मला. पण भावकीत नाव निघतं ते ह्यांचं, "काय भाऊ आहे, बहिणीसाठी किती केलं." त्यांना साधं माहीत नाही तिला कोणत्या साबणानं पुरळ येतं. ताई, तुमच्या धाकट्या भावाची बायको काय म्हणते, तिला कुणी विचारलंय का? उद्या दादा पुण्याला गेले तर घरात चोवीस तास कोण असणार आहे?

साखरपेठकर

नाही विचारलं. तिची नोकरी आहे, शिफ्टची. माझ्या लक्षातच आलं नाही, असं लिहिणार होते, पण लक्षात होतं.

कोर्टाच्या_मागे

हक्कसोडपत्राचा विषय आधी मिटवतो, बाकी भावनांचं तुम्ही बघा.

घर वडिलांच्या स्वकमाईचं असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर आई आणि तुम्ही तिघं भावंडं, चौघांचा सारखा वाटा, पाव-पाव. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६, कलम २८ स्वच्छ सांगतं की आजार, दोष किंवा व्यंग असलं म्हणून कुणाचा वारसा जात नाही. दादांचा पाव वाटा तुमच्याइतकाच पक्का आहे. दस्त कशावर आहे हे न समजता त्यांनी उठवलेला अंगठा उद्या कुणी कोर्टात नेला, तर तो दस्त टिकणं अवघड. टिकला तर त्याहून वाईट.

दुसरं. मूल १८ चं झालं की आईवडीलही कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत, हे निम्म्या घरांना माहीत नसतं. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता अशा चौघांसाठी. दादा त्यात बसतात. (अक्का, तुमचा भाऊ बसत नाही, आणि त्याला गरजही नाही, तो स्वतःची सही करतो.) जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, पालक नेमून घ्यायचा अर्ज तिच्याकडं. नेमणूक झाली की सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची, पुढं दरवर्षी हिशेब. पालक म्हणजे मालक नव्हे, एवढं त्यातनं कळतं.

आणि २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आल्यापासून पालकत्व मर्यादित धरलं जातं. जो निर्णय त्या माणसाला एकट्याला घेता येत नाही तेवढ्यापुरतं, आणि तोही त्याच्याशी बोलून, त्याच्या इच्छेनं. म्हणजे अर्जाच्या आधी दादांना विचारावं लागेल. विचारलंय?

ओपीडीवाली_सिस्टर

कागदाचं झालं, आता तब्येतीचं. डाऊन म्हणजे एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जादा. अल्झायमरमध्ये मेंदूत जे प्रथिन साठतं त्याचं जनुकही त्याच गुणसूत्रावर असतं, त्यामुळं ही माणसं आपल्या आधी म्हातारी होतात. चाळिशी-पन्नाशीत विसराळूपणा सुरू होऊ शकतो. घरचे म्हणतात हट्टी झालाय, आळशी झालाय. पण लगेच घाबरूनही जाऊ नका, कारण थायरॉइड बिघडला तरी माणूस असाच मंदावतो, आणि डाऊनमध्ये थायरॉइडचा त्रास सर्रास असतो. तो गोळीनं सुधारतो. वर्षातून एकदा रक्त तपासायचंच. कान आणि डोळेसुद्धा.

दादा हल्ली कामात चुकतात का? जिन्यावर थबकतात का?

आणि निरामय विमा काढलाय का? त्याच न्यासाचा, वर्षाला एक लाखापर्यंत. आधी तपासणी लागत नाही.

साखरपेठकर

सिस्टर, तुमचा प्रश्न वाचून काल मोबाईल बंद करून ठेवला.

दिवाळीपासून मालकांचा दोनदा फोन आला. थप्पी अकराची निघाली. एकदा तर दहाची. मी त्यांना म्हटलं, बाबांची आठवण येत असेल, सणासुदीचं तसं होतं. वर 'डझनात त्याची चूक होत नाही' लिहिलंय ते खोटं नाही, जुनं आहे. स्टेजवर त्यानं घडी घातली तेव्हा टाळ्या वाजत होत्या आणि मी बघत होते ती चारी कोपरे जुळतायत का हेच. तिसऱ्या खेपेला जुळले.

दादा जन्मला तेव्हा डॉक्टर बाबांना म्हणाले होते, पंचविशी गाठली तरी खूप झालं. पंचविशीला आई सिद्धेश्वराला अभिषेक करून आली आणि आम्ही सगळे जे समजलो की आता झालं, पुढं काही धोका नाही, ते समजलोच. तो म्हातारा होईल हा विचार घरात कुणीच केला नव्हता. आमच्याकडं तो कायम दादा, म्हणजे कायम लहान.

तीनचाकी

रक्त तपासून घ्या. बाकी नंतर.

साखरपेठकर

बरेच दिवसांनी येतेय. गड्डा झाला, पाहुणे गेले. ज्यांनी ज्यांनी वाट बघितली त्यांच्यासाठी लिहिते.

थायरॉइड निघाला, बराच वाढलेला. गोळी सुरू आहे, रोज सकाळी रिकाम्या पोटी. तीन महिन्यांनी परत तपासायचंय, बाकीचं काय ते डॉक्टर तेव्हाच सांगतील. मालकांशी मीच जाऊन बोलले. ते म्हणाले, "घडी त्यालाच करू दे, मोजायला दुसरा पोरगा देतो." दादाला ते अजिबात आवडलेलं नाही. तो मोजणाऱ्या पोराकडं असं बघतो की पोरगं दोनदा मोजतं.

धाकटा आला होता. हा धागा मी त्याला पाठवला नव्हता, तरी त्यानं वाचलाय. "मी तसं म्हटलं नव्हतं," म्हणाला. म्हटलं होतं. पण वाद घातला नाही. त्याच्या हातात किल्ली दिली, आईला घेऊन दोन दिवस तुळजापूरला जाऊन आले. देवीपुढं उभी होते तेवढा वेळ सोडला तर बाकी फोन बघत होते. त्याचा एकच मेसेज आला, "शेंगाचटणी कुठंय." परत आले तर दादाच्या दाढीला दोन ठिकाणी कापलेलं, घरात टॉवेलांचा ढीग, आणि धाकटा जमिनीवर बसून घड्या घालतोय, दादा उभा राहून चुका काढतोय.

मग सगळे बसलो. त्याच्या बायकोला व्हिडिओ कॉलवर घेतलं. (थोरली सून, तुमच्यामुळं.) ती स्पष्ट म्हणाली, कायमचं नाही जमणार, वर्षातून दोन महिने जमेल, आणि तेव्हा हे घरून काम करतील. मला ते 'हो ताई, सगळं बघू' पेक्षा बरं वाटलं.

दादाला विचारलं, घर कुणाचं? "आईचं." आईनंतर? बराच वेळ गप्प. मला वाटलं प्रश्नच नको होता. मग म्हणाला, "वरची खोली माझी. खिडकीपण." हक्कसोडपत्राचा विषय तिथं संपला. वरच्या खिडकीतून कोपऱ्यावरचं पानाचं दुकान आणि रस्ता दिसतो, एवढंच. तरी खिडकी त्यानं वेगळी मागून घेतली.

पालक कोण हवं, तेही विचारलं. मी समोरच बसले होते, त्याचं ताट वाढून. त्यानं धाकट्याकडं बोट केलं.

अक्का, तुमची आठवण आली. मी भांडी आदळली नाहीत, पण चार दिवस कुणाशी धड बोललेही नाही. अर्ज धाकट्याच्या नावानं जाणार आहे. कागदपत्रं मीच गोळा करतेय, अर्थात.

अक्का_दाजीपेठ

मला भांडी आदळून बरं वाटलं होतं. करून बघा.

हुतात्मा_डबा_नं_५

दाढी कापली तरी त्याला पुन्हा करू द्या.

तीनचाकी

आणि चादरीचं काय झालं? उत्तर दिलंत का दादांना?

साखरपेठकर

दिलं. "तुझी," म्हटलं. त्यानं मान हलवली, जणू त्याला आधीपासून माहीत होतं, मीच उशीर केला. आता त्याच्या कपाटात असते. गड्ड्याच्या थंडीत आईनं पांघरायला मागितली तर नाही म्हणाला. त्या रात्री मी माहेरीच झोपले होते, पाणी प्यायला उठले, तर आईच्या अंगावर तीच होती. सकाळी परत घडी घालून कपाटात. एक कोपरा बाहेर आला होता. मी हात लावला नाही.